गुरुजींच्या पुस्तकाला २०३२ ची वाट: एका गावच्या वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या पट्ट्यातलं हे गाव. वारसांमधला एक प्रश्न अजून मिटायचा आहे, म्हणून गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, एकदोन खुणाही बदलल्या आहेत. मी गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि या प्रकरणातला बराचसा पत्रव्यवहार माझ्या हातून झाला.

वाचनालय 'क' वर्गाचं. दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं, आणि जुन्या देणगीदाराने दिलेलं एक सागवानी कपाट. त्या सागवानी कपाटात एक पुस्तक होतं. १९५८ साली नागपूरच्या एका छापखान्यात छापलेलं, शंभर पानांच्या आतलं. किंमत बारा आणे, आणि शेजारी कंसात ७५ नये पैसे, कारण नवी नाणी येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. लेखक गावच्याच शाळेतले मास्तर. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा, म्हणून इथेही गुरुजीच. आतल्या पानावर लेखक आणि प्रकाशक दोन्ही ठिकाणी त्यांचंच नाव आहे. छपाईचे पैसे त्यांनी पगारातून भरले होते, असं त्यांची थोरली मुलगी सांगते.

पुस्तकाचा पहिला अर्धा भाग तलावांवर आहे. भंडारा-गोंदियाचा हा मुलूख तलावांचा. मालगुजारी (इकडची जमीनदारी) १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा' तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. मालगुजार होता तोवर पाण्याची वाटणी कशी व्हायची हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. तो गेल्यावर ती माहिती विरत चालली, आणि गुरुजींनी नेमकी तीच लिहून ठेवली. तुडुम (तलावाचं पाणी सोडायचं तोंड) कधी उघडायचं, पाणी आधी कोणत्या बांधीला (धानाच्या शेताला), पाटाची दुरुस्ती कोणाकडे, पाणकराला (पाण्याची वाटणी सांभाळणाऱ्याला) कोणी किती पायली धान द्यायचं. सोबत चार तलावांचे हाताने काढलेले नकाशे. प्रस्तावनेत एवढाच उल्लेख आहे की नकाशे एका स्नेह्याने काढून दिले आणि त्यांच्या इच्छेवरून नाव छापलेलं नाही.

दुसरा अर्धा भाग दंडारीच्या (इकडच्या लोकनाट्याच्या) गाण्यांचा. बरीच गाणी परंपरेची, प्रत्येकाखाली ते कोणाकडून ऐकलं याची नोंद. शेवटची अकरा गुरुजींनी स्वतः रचलेली.

गुरुजी १९७१ साली वारले.

अडचण

२०२२ च्या उन्हाळ्यात गावातल्या मोठ्या तलावाचा गाळ काढायचं ठरलं आणि त्यातून वाद उपटला. खालच्या अंगाला पूर्वी एक पाट होता, तो कोणाच्या बांधीतून जायचा, यावर तीन जणांची तीन मतं. ग्रामसभेत एक म्हातारे उठून म्हणाले, "गुरुजीच्या पुस्तकात लिवून हाय ना जी."

पुस्तक काढलं. वाळवीने खालचा कोपरा पोखरून मागच्या पानांपर्यंत मजल मारली होती. पान उलटताना कडेचा तुकडा हातात येत होता. आजूबाजूच्या गावांत, तालुक्याच्या ग्रंथालयात, जुन्या शिक्षकांच्या घरी विचारलं. दुसरी प्रत कुठेच मिळाली नाही.

ग्रामसभेने तिथेच ठरवलं की पुस्तक पुन्हा छापायचं. तीनशे प्रती, शेजारच्या गावांना आणि शाळांना फुकट. वर्गणी जमायलाही लागली. नागपूरच्या छापखान्यात विचारणा केली तेव्हा मालकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हक्क कोणाकडे आहे? लेखी आणा, मग छापतो." त्यांचं म्हणणं रास्त होतं.

मुदतीचा हिशेब

भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनावरचा हक्क (कॉपीराइट) त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही मोजणी मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. गुरुजी १९७१ चे, म्हणजे हक्क ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. पुस्तक सर्वांसाठी खुलं होणार १ जानेवारी २०३२ ला.

१९५७ चा कॉपीराइट कायदा मुळात ५० वर्षांचा होता. रवींद्रनाथ ठाकुरांचं निधन १९४१ चं, त्यामुळे त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ च्या अखेरीस संपत होती. ती संपू नये म्हणून आधी वटहुकूम निघाला, मग १९९२ ची दुरुस्ती आली आणि मुदत ६० वर्षांची झाली. दुरुस्ती एका महाकवीच्या साहित्यासाठी होती, लागू मात्र सगळ्यांना झाली. जुना कायदा राहिला असता तर गुरुजींचं पुस्तक १ जानेवारी २०२२ लाच मोकळं झालं असतं, गाळ काढायच्या काही महिने आधी.

हे कळल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत जो संताप उसळला तो मला अजूनही योग्य वाटतो. या पुस्तकातून गुरुजींनी पैसा कमावला नाही, त्यांच्या मुलांनी कमावला नाही, कोणी कमावू पाहतही नव्हतं. ज्या दहा वर्षांची भर पडली तिचा लाभ या घरात कोणालाच झाला नाही आणि नुकसान अख्ख्या पट्ट्याचं झालं.

नकाशांचा हिशेब वेगळा निघाला. ज्या कृतीवर कर्त्याचं नावच नाही आणि मुदत संपेपर्यंत ते उघडही झालं नाही, तिचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांचा. १९५८ मध्ये छापलेले नकाशे त्यामुळे १ जानेवारी २०१९ पासूनच खुले होते. एकाच पुस्तकात निनावी स्नेह्याचं काम मोकळं, आणि ज्यांनी नाव घालून जबाबदारी घेतली त्यांचे शब्द आणखी तेरा वर्षं कुलपात.

समोरचे पर्याय

सरळ छापून टाकायचं, हा पहिला. "कोण येतंय कोर्टात?" असं म्हणणारे बैठकीत निम्मे होते. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली हा गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैदेची. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय ती कमी करू शकतं, तरी अनुदानावर चालणाऱ्या नोंदणीकृत वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांनी ठरवून असं पाऊल टाकणं आम्हाला परवडणारं नव्हतं. शिवाय गुरुजींच्या मुलीला न विचारता गुरुजींचं पुस्तक छापायचं, हे कायद्याआधी गावालाच रुचलं नसतं.

दुसरा पर्याय थांबण्याचा. तालुक्याच्या गावातले एक वकील याच मताचे होते: दहा वर्षांचाच तर प्रश्न आहे. पण गाण्यांच्या चाली ज्यांना येतात ते सत्तरीपुढचे, पाणकराच्या घराण्यात जुनी रीत माहीत असलेला एकच माणूस उरलेला. २०३२ ला कागद मोकळा झाला असता, पण तो समजावून सांगणारं कोणी राहिलं असतं का, याची खात्री नव्हती.

तिसरी एक पळवाट निवृत्त मुख्याध्यापकांनी सुचवली. गुरुजी जनपद सभेच्या (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) शाळेत नोकरीला होते, तेव्हा पुस्तक संस्थेचं समजायचं. सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या कृतीची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं, म्हणजे ती २०१८ लाच संपली. यावर बरीच चर्चा झाली, कारण हे मान्य केलं की सगळंच सुटत होतं. पण पुस्तक नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं नव्हतं, संस्थेने सांगितलं नव्हतं, पैसा गुरुजींचा होता. त्यांनी पोटाला चिमटा काढून केलेलं काम संस्थेच्या नावावर टाकून सुटका करून घेणं कार्यकारिणीने नाकारलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा निर्णय.

चौथा पर्याय वारसांची संमती. पाचवा, वारस न सापडल्यास कलम ३१-अ खाली परवाना. आणि सहावा, कायद्यात आधीच ज्या वाटा मोकळ्या आहेत त्यांवरून जाता येईल तेवढं जायचं. चौथा आणि सहावा एकाच वेळी हाती घ्यायचं ठरलं, पाचवा राखून ठेवला.

वारसांचा शोध

१९७१ मध्ये गुरुजी गेले तेव्हा हक्काचे मालक चार: पत्नी, दोन मुली, एक मुलगा. चौघंही या गावात किंवा हाकेच्या अंतरावर. त्या वर्षी कोणी विचारलं असतं तर संध्याकाळच्या चहाला संमती मिळाली असती.

२०२२ मध्ये मालक सहा झाले होते. थोरली मुलगी जवळच्या गावात. मुलगा वारलेला, त्याची बायको आणि एक मुलगा भिलाईला, दुसरा मुलगा पुण्याला. धाकटी मुलगीही गेलेली, तिची मुलगी बालाघाटला. आणि त्या मुलीचा भाऊ, जो घरातून बऱ्याच वर्षांपूर्वी निघून गेला तो कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. तीन राज्यांत पसरलेले पाच जण, सहावा बेपत्ता, आणि सगळ्यांचा होकार लागणार, कारण सामाईक हक्कात एकाच्या सहीवर भागत नाही.

लांब मुदतीविषयी माझं म्हणणं इथेच येऊन ठरतं. मुदत जितकी लांब तितके मालक वाढत जातात आणि तितकं त्यांचं त्या कृतीशी नातं विरळ होतं. शेतीचंही असंच होतं, पण तिथे फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावं चढतात, पटवाऱ्याकडे गेलं की कळतं कोण कोण आहेत. लेखनाच्या हक्काला असा सातबारा नाही. नोंदणी ऐच्छिक आहे आणि गुरुजींसारख्यांनी ती कधी केलेली नसते. आम्ही गाठलेल्या पाच वारसांपैकी चौघांना आपल्याकडे असा काही हक्क आहे हेच माहीत नव्हतं.

थोरल्या बाईंकडे ग्रंथपाल आणि मी गेलो. त्या ऐंशी ओलांडलेल्या, दृष्टी अधू झालेली. पुस्तक हातात दिल्यावर त्यांनी आधी त्याचा वास घेतला, मग वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्यावर बोट फिरवत राहिल्या. संमतीपत्र वाचून दाखवायला लागलो तर म्हणाल्या, "पेटीत ठेवाले लिवलं होतं का बाबानं? छापा ना जी." अंगठा आणि सही दोन्ही दिली.

भिलाईच्या मायलेकांनी आणि बालाघाटच्या नातीने टपालाने सह्या पाठवल्या. पुण्याच्या नातवाला वकिलांनी तयार केलेलं पत्र गेलं होतं, 'कायदेशीर वारस', 'हक्क हस्तांतरण' वगैरे शब्दांचं. त्यांचा फोन आला तो सावध आवाजात. इतक्या वर्षांनी एकदम आठवण कशी झाली, विक्री कोण करणार, जमिनीशी याचा काही संबंध आहे का? तलावाच्या वाटणीचं पुस्तक म्हटल्यावर जमिनीची शंका येणं स्वाभाविक होतं. मग थोरल्या आत्यांनी स्वतः त्यांना फोन केला. काही आठवड्यांनी संमती आली, एका अटीसह: प्रती विकायच्या नाहीत. तीनशे प्रती फुकटच वाटायच्या होत्या, त्यामुळे अट मान्य केली.

सहावा वारस सापडला नाही. नातेवाइकांकडे, जुन्या कामाच्या ठिकाणी, बालाघाटच्या शेजाऱ्यांकडे विचारून झालं.

परवान्याची वाट आणि ती का सोडली

मालक सापडत नसेल तर कलम ३१-अ खाली प्रकाशनाचा परवाना मागता येतो. रॉयल्टी ठरवून ती जमा करायची, मालक पुढेमागे आला तर त्याने ती घ्यायची. कल्पना उत्तम आहे, पण अर्जापूर्वी प्रस्तावाची जाहिरात द्यावी लागते आणि तीही देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. मराठी पुस्तक, गोंदियाचा लेखक, बालाघाटकडून हरवलेला नातू, आणि नोटीस इंग्रजीत. तो जिथे कुठे असेल तिथे ती त्याच्या नजरेस पडेल असं कोणालाही वाटलं नाही. पूर्वी हे अर्ज कॉपीराइट मंडळापुढे आणि मग बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे जात. २०२१ मध्ये ते अपील मंडळच रद्द झालं आणि काम न्यायालयांकडे आलं. म्हणजे वकील, तारखा आणि नागपूरच्या खेपा. जाहिरात आणि वकील मिळून जो खर्च निघत होता तो वाचनालयाच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि पुस्तक तर फुकट वाटायचं होतं. कार्यकारिणीने हा पर्याय बाजूला ठेवला. मी विरोधात मत दिलं होतं. एखाद्या वाचनालयाने ही वाट चालून दाखवायला हवी असं मला वाटत होतं, आजही वाटतं. पण खर्चाचा मुद्दा खोडता आला नाही.

प्रत्यक्षात काय केलं

सर्वांत आधी पुस्तक वाचवलं. सार्वजनिक, ना-नफा वाचनालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली. शिवाय पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तर वाचनालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. एका तरुण शिक्षकाने पान न दाबता वरून फोटो काढून सगळं पुस्तक उतरवलं, त्यावरून तीन प्रती बांधून घेतल्या. मूळ पुस्तक आता डब्यात आहे आणि वाचायला या प्रती देतो, वाचनालयातच बसून.

मग नवी पुस्तिका करायचं ठरलं. माहितीवर, वस्तुस्थितीवर कोणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो ती मांडलेल्या शब्दांवर. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. एक निवृत्त पटवारी, दोन तरुण शेतकरी आणि पाणकराच्या घरातला तो एक माणूस तलावाच्या पाळीवरून, पाटांवरून चालले. त्यांनी आधी स्वतःच्या नोंदी केल्या, नंतरच गुरुजींच्या मजकुराशी ताडून पाहिल्या. हा क्रम आम्ही कटाक्षाने पाळला, नाहीतर नकळत त्यांचीच वाक्यं उतरली असती. जी गोष्ट फक्त गुरुजींनाच माहीत होती, उदाहरणार्थ पाणकराच्या पायल्यांचं माप, ती त्यांचा उल्लेख करून आमच्या शब्दांत घेतली. चारही नकाशे जसेच्या तसे छापले.

परंपरेची गाणी आजच्या गाणाऱ्यांकडून नव्याने ऐकून लिहून घेतली. काही कडवी गुरुजींच्या नोंदीपेक्षा वेगळी निघाली, एकदोन जास्तीचीही.

उरली गुरुजींची अकरा गाणी. हौशी मंडळाने, तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात मुभा आहे. झाडीपट्टीतली एक नामांकित मंडळी स्वतःहून यायला तयार होती, पण ती बिदागीवर चालणारी, मग 'हौशी' म्हणता आलं नसतं. आम्ही त्यांना नम्रपणे नाही म्हटलं आणि गावच्याच पोरांना उभं केलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) रात्री ती गाणी झाली. थोरल्या बाईंना खुर्ची टाकून पुढे बसवलं होतं. एका गाण्याची चाल पोरांनी चुकवली, ती त्यांनी बसल्या जागेवरून दुरुस्त केली.

निष्पन्न

नव्या पुस्तिकेच्या तीनशे प्रती वाटल्या गेल्या. नकाशावरून खालच्या पाटाची रेघ सापडली, ग्रामपंचायतीने तो बराचसा मोकळा केला. एका शेतकऱ्याची हरकत मात्र कायम आहे, त्याच्या धुऱ्यापाशी (शेताच्या बांधापाशी) पाट थांबलेला आहे.

गुरुजींचं पुस्तक छापलं गेलं नाही, आणि हे नुकसान नव्या पुस्तिकेने भरून आलेलं नाही. आमची पुस्तिका बरोबर आहे, कामाची आहे. पण गुरुजींनी तुडुम उघडायच्या दिवसाचं प्रकरण वर्गातल्या पोरांशी बोलल्यासारखं लिहिलं आहे, कोणत्या पोराची बांधी कुठे ते सांगत, पाण्याच्या मागोमाग त्यांना चालवत. त्या पोरांतले काही आज आजोबा आहेत. वाचनालयात येऊन ते पान वाचताना आपल्या नावापाशी ते थांबतात. ते पान त्यांच्या नातवंडांच्या हाती घरी देता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पुण्याच्या नातवाला पत्र जाण्याआधी आत्यांचा फोन जायला हवा होता. घरच्या माणसाने आधी बोलायचं, कागद मागून पाठवायचा. शंका निस्तरण्यात गेलेला वेळ वाचला असता.

वारसांची यादी २०२२ मध्ये करायला घेतली, ती धाकटी मुलगी हयात असताना होऊ शकली असती. तिच्या एका सहीने दोन वारसांचा प्रश्न उरलाच नसता. हे काम कोणाचं असं ठरलेलं नव्हतं म्हणून राहिलं. स्थानिक लेखकांची पुस्तकं ज्या वाचनालयांत आहेत त्यांनी पुस्तकाच्या नोंदीशेजारी लेखकाच्या मृत्यूचं वर्ष आणि वारसांचे पत्ते लिहून ठेवावेत, एवढं तर अनुदानाशिवायही होण्यासारखं आहे.

इंग्रजी जाहिरातीची अट बदलून कृतीच्या भाषेतल्या दैनिकात नोटीस आणि जिल्हा पातळीवर अर्ज, एवढं झालं तरी गावोगावची पुस्तकं सुटतील. आणि मुदत पुन्हा ५० वर्षांवर आणायला कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराची आडकाठी नाही, कारण त्या करारातली किमान मर्यादाच मृत्यूनंतर ५० वर्षांची आहे. वरची दहा वर्षं आपण आपण होऊन घेतलेली आहेत.

दरम्यान वाचनालयाने एक पानाचा नमुना तयार केला आहे. आजूबाजूच्या गावांत लिहिणारी जी माणसं हयात आहेत, दंडार रचणारे, गावाचा इतिहास लिहिणारे, त्यांच्याकडून तो भरून घेतो. माझ्या पश्चात हे पुस्तक विक्रीला उपलब्ध नसेल तर वाचनालयाला किंवा कोणत्याही गावकऱ्याला ते माझ्या नावासह, मजकूर न बदलता छापता येईल, असा त्यात मजकूर आहे. खाली लेखकाची सही, तारीख, दोन साक्षीदार. आत्तापर्यंत ज्यांच्याकडे गेलो त्यांपैकी एकानेही नकार दिलेला नाही. एका कवींनी विचारलं, पश्चातच कशाला, आताच का नाही? त्यांच्यासाठी नमुन्यातला तेवढा शब्द खोडला.